उजवा कोपरा

मराठीच्या प्राध्यापकाने कबड्डीवर लिहावे, हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. आमच्या व्यवसायात माणसाने काय करावे, याचे काही संकेत ठरून गेलेले असतात. मराठीचा प्राध्यापक म्हटला की त्याने गॅदरिंगच्या नाटकाची तालीम घ्यावी, भित्तिपत्रकातल्या कवितांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारावेत, कोणी निवृत्त झाले की मानपत्र लिहून द्यावे आणि समारंभाचे पाहुणे वेळेवर आले नाहीत तर ते येईपर्यंत बोलत राहावे. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ही चारही कामे मी गेली अठरा वर्षे बिनतक्रार करीत आलो आहे. पण सहा वर्षांपूर्वी आमच्या प्राचार्यांनी वर्षारंभीची समित्यांची यादी लावली आणि क्रीडा समितीपुढे माझे नाव झळकले. काही चूक झाली असावी म्हणून विचारायला गेलो, तर ते म्हणाले, "चूक नाही. तुम्ही बोलता चांगलं. पालकांशी बोलायला कुणीतरी हवं होतं."

पालकांशी काय बोलायचे, ते मात्र त्यांनी सांगितले नाही. ते मला पुढे मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून कळत गेले.

ती मोटारसायकल आमच्या क्रीडासंचालकांची. हे गृहस्थ बोलण्याच्या बाबतीत अत्यंत काटकसरी. तरुणपणी विद्यापीठाच्या संघातून खेळलेले. त्याची खूण म्हणून डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी राहिलेली. दरवर्षी बारावीचे निकाल लागले की ते बगलेत एक लांबट वही मारतात आणि मला म्हणतात, "चला." मग धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, असे बालाघाटाच्या डोंगरातले आडवळणाचे रस्ते सुरू होतात. आम्ही पोरे शोधीत हिंडतो. आमच्या सौभाग्यवतीचे यावरचे मत अगदी स्पष्ट आहे. ती म्हणते, "घरातल्या पोराची चप्पल कुठं आहे ते यांना माहीत नसतं, आणि लोकांची पोरं हुडकायला निघालेत!"

आता वाचक म्हणतील की कबड्डीसाठी पोरे शोधायला हवीत कशाला? मराठी मुलखात दगड टाकला तरी कबड्डी खेळणाऱ्या पोराला लागेल. ज्यांनी लहानपणी गल्लीत हुतूतू खेळला आहे, त्यांची तर खात्रीच असते की सातजण गोळा केले, त्यांना एका रंगाच्या बनियनी घातल्या की झाला संघ. या खेळाने तोवर केवढी मजल मारली आहे, हे त्यांच्या ध्यानी नसते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्याची प्रात्यक्षिके करून दाखवली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्य घालून त्याला शिस्त आणि संघटना दिली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तो दाखल झाला आणि २०१४ पासून प्रो कबड्डीच्या निमित्ताने तो शहरातल्या दिवाणखान्यात दूरदर्शन संचावर येऊन बसला. त्यामुळे पुण्यामुंबईची मुलेही आता 'कॉर्नर' आणि 'कव्हर' असे शब्द सराईतपणे बोलतात. पण शब्द माहीत असणे वेगळे आणि त्या जागेवर उभा राहील असा माणूस मिळणे वेगळे.

मैदानावर सात माणसे एका ओळीत उभी असतात असे लांबून दिसते. पण प्रत्येकाची जागा ठरलेली असते. दोन टोकांना दोन कोपरे, डावा आणि उजवा. त्यांच्या शेजारी दोघे 'इन'. त्यांच्या आत दोघे 'कव्हर', आणि बरोबर मध्ये एकजण. चढाई करणारे बहुधा आतल्या जागांवर उभे राहतात. कोपऱ्यातल्याचे काम म्हणजे घोटा धरणे. चढाईपटू बोनस गुण घ्यायला येतो तेव्हा त्याला एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकून दुसरा पाय हवेत ठेवावा लागतो. आणि समोर सहा किंवा सात रक्षक असतील तरच तो गुण मिळतो. तो एक पायावर असतो त्या निमिषात कोपऱ्याने खाली झेपावून त्याचा घोटा धरायचा, आणि कव्हरने त्याची परतीची वाट अडवायची. कोपरा अर्धा क्षण आधी झेपावला तर स्वतःच बाद होतो. अर्धा क्षण उशिरा झेपावला तर हातात माती येते.

मला स्वतःला हे पहिल्या वर्षी काही केल्या कळेना. शेवटी माझ्या विषयाने मला हात दिला. एके दिवशी वर्गात विभक्ती शिकवता शिकवता लख्ख उजेड पडला. प्रथमेपासून सप्तमीपर्यंत विभक्ती सात, आणि मैदानावर माणसेही सात! प्रथमा कर्त्याची, तसा चढाई करणारा. सप्तमी अधिकरणाची, म्हणजे स्थळाची, तसा आपली जागा न सोडणारा कोपरा. एकीचा प्रत्यय दुसरीला लावला की वाक्य कोसळलेच. उजव्या कोपऱ्याचा पोरगा डाव्या कोपऱ्याला उभा केला तर 'घरात राहतो' याऐवजी 'घराने राहतो' म्हटल्यासारखे होते. त्याचा पुढचा पाय बदलतो, झेपावण्याची बाजू बदलते आणि हात आपोआप चुकीकडे जातो. हा सिद्धांत मी क्रीडासंचालकांना सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आठवी विभक्ती?" मी म्हणालो, "संबोधन." ते म्हणाले, "ते तुम्ही. रेषेबाहेरून ओरडता ते."

त्यांच्या त्या वहीत प्रत्येक जागेला एक पान आहे. पानावर तीन ओळी. पहिलीपुढे लिहिले आहे 'पक्का', दुसरीपुढे 'कच्चा' आणि तिसरीपुढे 'शोधायचा'. संघात नावे बारांची जातात. सातजण खेळतात, पाचजण राखीव असतात. पण हे पाच राखीव कोण घ्यायचे, यावरच त्यांची सारी विद्या खर्च होते. पाच चांगले चढाईपटू घेतले की बाक देखणा दिसतो. पण डाव्या कोपऱ्याचा घोटा मुरगळला तर त्या पाचांचा काय उपयोग? म्हणून ते जागेवार माणसे मोजतात. एखाद्या पानावर दुसरी ओळ कोरी असली की त्यांना जेवण गोड लागत नाही.

माझा एक भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात शिकायला होता. त्याच्याकडून मी तिकडच्या कॉलेजांतल्या फुटबॉलची हकीकत ऐकली, आणि आमची वही मला एकदम मोठ्या घराण्यातली वाटू लागली. तो फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धडका देत खेळायचा. मैदानावर एका वेळी अकराजण, पण आक्रमणाचे अकरा निराळे आणि बचावाचे निराळे. प्रत्येक जागेखाली पहिला, दुसरा, तिसरा अशी नावे लिहिलेला तक्ता असतो, आणि त्यावर वर्तमानपत्रांतून चर्चा झडतात. शाळेत शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या पोरांच्या घरी मोठमोठे प्रशिक्षक जातात, स्वयंपाकघरात बसून आईच्या हातचे खातात आणि आपल्याच विद्यापीठात मुलाला पाठवा म्हणून गळ घालतात. वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठांना पूर्वी ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. २०२५ साली न्यायालयातल्या एका तडजोडीने ती गेली. ती मान्य करणाऱ्या विद्यापीठाच्या संघात आता १०५ खेळाडूंपर्यंत घेता येतात, आणि खेळाडूंना थेट पैसे देण्याचीही मोकळीक आहे. ओहायोतल्या त्या विद्यापीठाच्या मैदानात एका लाखावर माणसे बसतात.

मी हे सारे मोटारसायकलवर मागून ओरडून सांगितले. वारा असल्याने दोनदा सांगावे लागले. क्रीडासंचालकांनी गाडी थांबवली, मागे वळून म्हणाले, "एकशेपाच?" मी म्हटले, "एकशेपाच." त्यांनी जरा विचार केला. "त्यातले ऊसतोडीला किती जातात?"

त्यांना माझी थट्टा करायची नव्हती. ते खरोखरच विचारीत होते.

आमच्याजवळ पोराला देण्यासारखे फारसे काही नसते. फीचे काहीतरी बघू, वसतिगृहात खोली देऊ, खानावळीचा थोडा भार उचलू, बूट आणि किट देऊ, प्रवासाचा भत्ता देऊ, एवढेच. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के राखीव जागा आहेत, हे मी प्रत्येक घरी सांगतो. मग अविनाश साबळेचे नाव घेतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा सैन्यात गेला, २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक घेऊन आला आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावला. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्टला कुस्तीचे सुवर्णपदक मिळवले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तिथल्या विजयी महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, तिचे मूळ घर आमच्या केज तालुक्यातले. ही नावे ऐकली की म्हाताऱ्यांच्या सुद्धा माना ताठ होतात. पण कुस्ती किंवा शर्यत एकट्याने जिंकता येते. कबड्डीला बाराजण लागतात, आणि ते एकाच वेळी, एकाच गावात, हजर असावे लागतात. आमची सारी अडचण या 'हजर' शब्दात आहे.

पोरे गळण्याचे प्रकार अनेक. काहींना मोठी कॉलेजे पळवतात. एका सोमवारी आमच्याकडे प्रवेश घेतलेल्या पोराने गुरुवारी दाखला परत मागितला. दूरच्या शहरातल्या कुठल्याशा कॉलेजाने त्याला राहण्याजेवणासकट उचलला होता. काही पोरे पोलीस किंवा सैन्यभरतीत निघून जातात. असे झाले की क्रीडासंचालक वहीतले नाव तांबड्या शाईने खोडतात, पुढे 'नोकरी' असे लिहितात आणि त्या दिवशी पदरचे पेढे वाटतात. बाकी कुठल्याही कारणाने नाव खोडताना त्यांचा चेहरा पाहवत नाही.

आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे कोयता.

शहरातल्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आमच्या जिल्ह्यात वर्षाचे दोन भाग असतात. दसरा झाला, दिवाळी आली, की ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांतून माणसे निघतात ती पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला. परत येतात पाडव्याच्या सुमारास. मधले पाच-सहा महिने गावांत म्हातारी माणसे, कुत्री आणि शाळेत जाणारी काही मुले एवढीच उरतात. कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. आमच्या भाषेत कोयता म्हणजे जोडी. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकाने तोडायचे, दुसऱ्याने पाचट काढून मोळी बांधायची, मग दोघांनी मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. मुकादम उन्हाळ्यापावसाळ्यात घरी येऊन उचल देऊन जातो, तीही जोडीच्या हिशेबाने. उचल घेतली की माणूस बांधला गेला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कोणी पुसत नाही. तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये चौतीस टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले, त्याचा आनंद झालाच. पण दर वाढला तरी माणसे दोनच लागतात.

आता पंचाईत अशी की विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा येतात त्या याच दिवसांच्या आगेमागे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले, १९९४ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले, आणि त्याचे वेळापत्रक इतर विद्यापीठांच्या वेळापत्रकाशी जुळवावे लागते, साखर कारखान्यांच्या नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये आमचे मैदान भरलेले असते. सप्टेंबरात वहीची पाने तुडुंब होतात. दसऱ्याला आम्ही एकमेकांना सोने देतो, आणि दुसऱ्या दिवसापासून मैदान रिकामे होऊ लागते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे असा एक उजवा कोपरा होता, की क्रीडासंचालकांसारखा माणूस त्याच्याविषयी तीन-तीन वाक्ये बोलत असे. त्याचे नाव मी इथे सांगत नाही. त्याला आपण उजवा कोपराच म्हणू. सडपातळ अंगाचा, शांत डोळ्यांचा पोरगा. चढाईपटूचे सर्व नाच तो शेवटपर्यंत बघत राही आणि मग एकदाच हात घाली. तो हात सुटलेला मी फार थोड्या वेळा पाहिला. दसरा चार दिवसांवर आला आणि तो सरावाला येईनासा झाला. तिसऱ्या दिवशी आम्ही गाडी काढली.

डोंगराच्या कुशीतली वस्ती. घरासमोर दोन लोखंडी पेट्या, पाण्याचा ड्रम, दोरीने बांधलेली भांडी, असे बिऱ्हाड निघण्याच्या तयारीत मांडलेले. उजवा कोपरा पत्र्याला टेकून उभा होता. आम्हाला पाहून त्याने मान खाली घातली. वडिलांनी घोंगडी अंथरली, आईने कोरा चहा ठेवला. दाराच्या आत एक मुलगी मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती. आम्ही आलो म्हणून तिने पान उलटणे थांबवले.

मी माझे बोलणे सुरू केले. अविनाश साबळे झाला, पाच टक्के झाले, विद्यापीठाच्या संघात निवड होण्याची कशी दाट शक्यता आहे ते झाले. वडील मान डोलावीत होते. मला वाटले, जमते आहे. तेवढ्यात आई चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली, "सर, तुम्ही सांगता ते खोटं नाय. पन मपलं आपरेशन झालंय. पिशवीचं. मोळी उचलवत नाय आता. उचल तर उन्हाळ्यातच घेतलीय, त्या आपरेशनालाच लागली. म्हनून औंदा कोयता बापलेकाचा हाय."

मी म्हणालो, "दुसरं कुणी नाही का? भाऊबंद?"

"ज्येचा त्येचा कोयता हाय, सर." मग ती थोडी थांबली आणि दाराकडे न बघता म्हणाली, "ह्याला तुम्ही ठिवून घेतला, तर हिला न्यावी लागंल. मी कोप्यावर सैपाक करीन. बापाबरोबर ही मोळ्या वाहील. तुम्हीच सांगा."

माझ्या बोलण्याची कीर्ती ऐकून प्राचार्यांनी मला या समितीवर घेतले होते. पण या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हते. क्रीडासंचालकांनी प्रथमच तोंड उघडले. त्यांनी त्या मुलीला विचारले, "कितवीला?"

"नववीला."

ते उठले. कपातला चहा त्यांनी उभ्यानेच संपवला. "जाऊ द्या त्याला," ते वडिलांना म्हणाले. "हिची शाळा मात्र चालू ठेवा. हिला कुठं ठेवणार?" वडील म्हणाले, आजी घरी असते, तिच्यापाशी राहील. शाळेत हंगामी वसतिगृहही सुरू होते म्हणे. "मग झालं," असे म्हणून ते गाडीकडे निघाले.

उजवा कोपरा आमच्याबरोबर सडकेपर्यंत आला. बराच वेळ काही बोलला नाही. गाडी सुरू झाल्यावर म्हणाला, "सर, माझं नाव काढणार का?" क्रीडासंचालक म्हणाले, "नाव राहील. परीक्षेला ये." मी त्याला सांगितले की तुला तासाला बसता येणार नाही, तर मी माझी व्याख्याने फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवीन. त्याप्रमाणे त्या हिवाळ्यात मी रोज रात्री घरच्या गच्चीवर बसून फोनशी बोलत होतो. शेजाऱ्यांचा काही वेगळाच समज झाला असावा. अधूनमधून त्याच्याकडून शंका यायच्या, त्याही आवाजातच. त्याच्या आवाजामागे ट्रॅक्टर, वारा आणि कुणाचे तरी रडणारे लहान पोर ऐकू येई.

त्या बाईच्या शब्दांनी मला पुष्कळ दिवस सोडले नाही. तिची कहाणी एकटीची नव्हे. आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली सरकारी चौकशी झाली. ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी केली, त्यांत १३ हजारांवर स्त्रियांच्या शस्त्रक्रिया झालेल्या निघाल्या. हा आकडा मी वर्तमानपत्रात वाचला होता, स्टाफरूममध्ये त्यावर हळहळलोही होतो. पण त्या आकड्याचा आमच्या उजव्या कोपऱ्याशी काही संबंध असेल, असे त्या दिवसापर्यंत मला वाटले नव्हते. आई मोळी उचलू शकत नाही म्हणून मुलगा मैदानावर नाही. आणि मुलगा मैदानावर हवा असेल तर मुलगी शाळेत नाही. साधा हिशेब होता. कॉलेजच्या वहीत निदान प्रत्येक पानावर दुसरी ओळ असते. त्या घराच्या पानावर दुसरी ओळ नव्हतीच. ज्या घरात राखीव माणूस नसतो, तिथे राखीव म्हणून शाळेतली पोरगी धरलेली असते.

इकडे आमच्या वहीत 'उजवा कोपरा : कच्चा' या ओळीवर एक नाव होते. हा गावातल्या एका शिंप्याचा मुलगा. बुटका, गोल चेहऱ्याचा, सदा हसतमुख. दोन वर्षे तो राखीव होता. पाण्याच्या बाटल्या भरणे, पट्ट्या बांधणे, उसवलेल्या किटला घरून टाके घालून आणणे ही कामे तो करी, आणि सरावात रोज अर्धा तास क्रीडासंचालक त्याच्याकडून नुसते घोटे धरून घेत. "हा कधी खेळणार?" असे मी एकदा विचारले होते. "लागेल तेव्हा," एवढेच उत्तर मिळाले होते.

त्या वर्षी तो लागला. विभागीय स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात शेवटची दोन मिनिटे उरली होती, आम्ही एका गुणाने मागे होतो आणि मैदानात आमचे तिघेच उभे होते. नियम असा, की तीन किंवा त्याहून कमी रक्षक असताना पकड केली तर एक गुण जास्त मिळतो; त्याला अव्वल पकड म्हणतात. समोरचा चढाईपटू उंचापुरा होता. तो शिंप्याच्या पोराकडे बघून हसला आणि त्याच्याच अंगावर आला. पोरगा हलला नाही. चढाईपटूने हात मारायला पाय पुढे टाकला, आणि पुढच्या क्षणी दोघे जमिनीवर होते व त्या बुटक्याच्या मुठीत घोटा होता. कव्हरचा पोरगा वर येऊन पडला. माझी आठवी विभक्ती त्या वेळी किती मोठ्याने उच्चारली गेली, हे मला दुसऱ्या दिवशी तासाला घसा बसल्यावर कळले. तो सामना आम्ही जिंकला. अंतिम सामना तीन गुणांनी हरलो.

रात्री दहा वाजता क्रीडासंचालकांनी उसाच्या फडात निकाल कळवला. लगेच उलट प्रश्न आला, "कोपरा कोण खेळला?" त्यांनी नाव कळवले. बराच वेळ काही आले नाही. मला वाटले, पोराला वाईट वाटले असणार, वाटायलाच हवे. मग एक ओळ आली : "त्याला सांगा, पकड केल्यावर डोकं खाली ठेव, वर करतोस."

उजवा कोपरा पाडव्याला परतला आणि परीक्षेला बसला. मराठीत बरे गुण पडले. माझ्या गच्चीवरच्या व्याख्यानांना निदान एक तरी लक्षपूर्वक ऐकणारा विद्यार्थी मिळाला, याचा मला फार अभिमान आहे. पुढच्या हंगामात त्याच्या वडिलांनी आपल्या विधवा भावजयीबरोबर कोयता केला. तीही बिचारी अर्धा कोयता म्हणून दोन वर्षे घरी बसून होती. त्यामुळे पोरगा राहिला. मग क्रीडासंचालकांपुढे दुसरीच अडचण उभी राहिली. उजव्या कोपऱ्याला दोघे पक्के! पहिल्या सत्रात एक, दुसऱ्या सत्रात दुसरा, अशी त्यांनी तोड काढली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. अडचणीत सापडलेला माणूस इतका सुखी मी क्वचितच पाहिला आहे.

ती नववीतली मुलगी यंदा अकरावीला आमच्याच कॉलेजात आली. भावासारखेच शांत डोळे. क्रीडासंचालकांनी तिला मैदानाकडे बोलावून घेतले. मुलींच्या संघासाठी त्यांनी नवीन वही केली आहे. त्यांनी विचारले, "खेळणार का?" ती म्हणाली, "नाही सर. मला नर्सिंगला जायचंय." मला वाटले, आता ते मला बोलायला सांगतील. पण त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "बरं. ग्रंथालय सहापर्यंत उघडं असतं."

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आमच्या रस्त्यांवरून बिऱ्हाडांनी भरलेले ट्रक जात असतील आणि आमचे मैदान पुन्हा अर्धे झाले असेल. वहीची सहा पाने यंदा भरलेली आहेत. एका पानावर मात्र दुसरी ओळ अजून कोरी आहे, ती डाव्या कोपऱ्याची. आपल्या पाहण्यात असा एखादा पोरगा असेल, वय सतराच्या पुढे आणि पंचविसाच्या आत, बारावी झालेला, तर जरूर कळवा. आम्ही दोघे मोटारसायकलवरून येऊ. फक्त त्याच्या घरी कोण कोण असते, एवढे आधी विचारून ठेवा.